धर्माबाहेर काढणारा उंट

चौसष्ट साली शारजात यानुशसाहेबाच्या जीपखाली खल्फानचा उंट मेला, तेव्हा मी गाडीत नव्हतो. असतो तरी उंट मेलाच असता. पण साहेब पोलंडचा, खल्फान इथला, आणि दोघांमधला दुभाष्या मी, शौकत, रत्नागिरीचा. साहेब म्हणाला, "आज मिटलं तर तुझी नोकरी पक्की. नाही मिटलं तर मुंबईची बोट."

खल्फानच्या अंगणात कॉफी आली. साहेबाने मान खाली घातली आणि इंग्रजीत एकदम आपल्या देशाचा इतिहासच काढला. चूक राजाची असली तरी ती चूकच, असं त्याला म्हणायचं होतं. नऊशे वर्षांपूर्वी म्हणे त्यांच्या राजाने बिशपला ठार मारलं.

बिशप म्हणजे उंट. इथल्या रोल्ला चौकातल्या वडाखाली आमच्या मोहिद्दीनचाचांनी मला बुद्धिबळ शिकवलं, तेव्हाच सांगितलं होतं, "तिरका चालतो तो. इंग्रज त्याला बिशप म्हणतो, आपण उंट."

मी बाजारापुरत्या अरबीत सांगितलं, "याच्या राजानेही उंट मारला होता."

खल्फान पुढे सरकला. "का?"

मी साहेबाला विचारलं. बिशप राजाला तोंडावर पापी म्हणायचा, शेवटी त्याने राजाला धर्माबाहेर काढलं.

"बिशपनेच?" मी विचारलं.

"बिशपनेच."

मी तसंच सांगितलं. खल्फानचा पेला ओठाशीच थांबला. "उंटाने?"

"मला नको विचारू, हबीबी. मीही आत्ताच ऐकतोय."

"मारला कुठे?"

"त्यांच्या प्रार्थनाघरात. उंट प्रार्थना करत होता."

खल्फानने साहेबाकडे निरखून पाहिलं. साहेबाचे डोळे भरले होते. "आणि राजा?"

"देश सोडून पळाला. उंटाला लोकांनी संत मानलं. पुढचे राजे गादीवर बसायच्या आदल्या दिवशी त्या जागी चालत जायचे, पापाची भरपाई म्हणून."

खल्फानने दाढी कुरवाळली. "माझा उंट एवढा धार्मिक नव्हता," तो म्हणाला. "चावायचा. पण ज्याच्या मुलुखात उंटाला एवढा मान, तो मुद्दाम मारणार नाही. याला सांग, खलास, मिटलं. चालत जायची गरज नाही."

मी सांगितलं. साहेब गहिवरून उठला आणि म्हणाला, नाही, जाणारच. टळटळीत उन्हात टोपी काढून तो उंट पडला होता तिथवर चालत गेला आणि छातीवर क्रुसाची खूण करून उभा राहिला. आम्ही दोघे मागे.

खल्फान माझ्या कानाशी आला. "यांच्याकडे घोडेही बोलतात का?"

"विचारून सांगतो," मी म्हटलं. "आता मी इथेच आहे."