यंत्रातलं श्री

"ही आमची फाईल नाही," पुण्याहून आलेला इंजिनियर म्हणाला, आणि जळगावच्या एका कापूस जिनिंगच्या ऑफिसात सगळ्यांच्या माना सलीमाकडे वळल्या.

सत्त्याण्णव साल. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती टाकायला तो आला होता. त्याच्या फ्लॉपीत कंपनीच्या प्रत्येक मूळ फाईलचा ठसा होता, आकडे आणि अक्षरांची एक लांबलचक ओळ. फाईलमधलं एक अक्षर हललं तरी ठसा पार बदलतो, म्हणाला. कापसाच्या वजनाच्या प्रोग्रॅमच्या फाईलचा ठसा काही जुळेना. म्हणजे कुणीतरी आत हात घातलाय.

कॉम्प्युटरवर बसणारी एकटी सलीमा. झालं, जिनिंगचे मालक लीलाधरशेठ तापले. वजनं फिरवायला हात घातला का, कुणाच्या सांगण्यावरून, तुझ्या अब्बांची कुठल्या दलालाशी ओळख आहे, एकामागून एक सुरूच. तिनं हात घातला होता हे तर खरंच होतं. दसऱ्याला बन्सीलालनाना, जिनिंगचे जुने दिवाणजी, झेंडूचं फूल घेऊन आले होते. वहीच्या पहिल्या पानावर श्री असतं, मग या डब्याला नको का, म्हणाले. तिलाही क्लासात शिकलेली करामत दाखवायची हौस. वजनाच्या त्याच प्रोग्रॅमच्या नावापुढच्या मोकळ्या जागेत तिनं इंग्रजी अक्षरांत श्री बसवून दिलं. नाना केवढे हरखले होते!

तेच नाना आता समोर चष्मा पुसत बसले होते. नाव घ्यावं तर म्हातारपणी त्यांच्यावर बालंट, न घ्यावं तर आपली नोकरी जाते. शेठनी तिच्याकडच्या ऑफिसच्या किल्ल्या मागितल्या. तिनं त्या टेबलावर ठेवल्या, तेव्हा कुठे नाना उठले.

"तिनी काही चूक नही शे, शेठ. श्री लिखाले मीच सांगेल व्हतं."

शेठ आधी बघतच राहिले, मग खो खो हसले. नानांची श्रद्धाच दांडगी, म्हणाले, आणि चहा मागवला. घटकेपूर्वी जी चोरी होती तिची भक्ती झाली. इंजिनियरनं मूळ फाईल टाकली, ठसा जुळला. किल्ल्या सलीमाकडे सरकवल्या गेल्या. आमचं चुकलं, एवढं मात्र कुणाच्या तोंडून निघालं नाही. ते तिच्या फार जिव्हारी लागलं.

पुढच्या दसऱ्याला नाना फूल घेऊन पुन्हा आले. श्री लिहून दे माय, म्हणाले. सलीमानं कॉम्प्युटरवर कोरं पान उघडलं आणि खुर्चीवरून उठली.

"नाना, या वेळी तुमच्या हातानं."

नाना बसले. त्यांचं बोट बटणांवरून फिरत राहिलं. त्यांना श्रीचा एस सापडत नव्हता. सलीमा शेजारीच उभी होती. तिनं तो दाखवला नाही.