एका माणसाची कंपनी

वर्षाराणी कुणावर विश्वास ठेवायची नाही असं नाही, पण आधी त्या माणसाला दहादा चाळून घ्यायची. दिवसा फौंड्रीत ड्राफ्टिंगची नोकरी आणि संध्याकाळी कसबा बावड्यातल्या घरी बसून छोट्या कारखान्यांना साच्यांची ड्रॉइंगं काढून देणं. हे जोडकाम वाढलं, तसा धाकटा दीर उदयसिंह गोड बोलायला लागला.

"वैनी, भागीदारी करूया की. ड्रॉइंग तुम्ही काढा, गिऱ्हाईक मी आणतो. घरचाच माणूस हाय मी."

घरचाच म्हटल्यावर ती सावध झाली. तिच्या वडिलांचं, आण्णांचं लेथचं दुकान घरच्याच माणसानं गिळलं होतं. त्यांचा भागीदार म्हणजे चुलतभाऊ कृष्णात. आईनं ही गोष्ट इतक्यांदा सांगितली होती, की दूध पोळलं बापाला आणि ताक फुंकत बसली लेक.

"आमच्या आण्णांचं काय झालं, ठाऊक हाय न्हवं?" तिनं दिराला सुनावलं. त्यानं विषय बदलला. त्याचं विषय बदलणंही तिला खटकलंच.

सीए शाहिस्तानं तिला नीट समजावलं. "नुसतं स्वतःच्या नावावर केलंत तर सगळ्यात सोपं. पण ड्रॉइंग चुकून कुणाचा माल वाया गेला, तर भरपाई घरादारावर येते. भागीदारीत भागीदाराची चूकही तुमच्याच गळ्यात. एका माणसाची कंपनी काढली, तर घर सहसा बाजूला राहतं. कागद मात्र जास्त."

"एका माणसाची," वर्षाराणी लगेच म्हणाली. दुसरं माणूसच नको, म्हणजे कटकट मिटली.

शाहिस्तानं फॉर्म पुढं केला, तर त्यात दुसरं माणूस होतंच. आपलं काही बरंवाईट झालं तर कंपनी कुणाकडं जाणार, त्याचं नाव आणि त्याची सही.

आता आली का पंचाईत. नवऱ्याचं नाव घालावं, तर तो दुसऱ्या दिवशी भावाच्या हातात सगळं देईल. लेक अठराची नाही, म्हणून चालत नाही. तिचा सख्खा भाऊ बायकोच्या मुठीत. उरलं एकच नाव. ती कळंब्याला माहेरी गेली.

आण्णांनी चष्मा लावून फॉर्म दोनदा वाचला. "माझंच का?"

"तुम्ही फसलाय. फसलेला माणूस दुसऱ्याला फसवत न्हाय."

आण्णांनी पेन खाली ठेवलं. 

"कृष्णातानं काय बी खाल्लं न्हाय, बाळ. बँकेचं काम हाय म्हणून मीच त्याची कोऱ्या कागदावर सही घेतलती. दुकान परस्पर विकलं आन् पैसा मटक्यात घातला. तुझ्या आईला उलटं सांगितलं."

 कृष्णातकाका अजून दुसऱ्याच्या लेथवर रोजानं जात होता. दिराला नको म्हणताना तिनं ज्या फसलेल्या बापाचा दाखला दिला, तोच चोर निघाला आणि तिच्यासमोर चहा पीत होता. तिला बापाचा राग आला आणि स्वतःची लाज वाटली.

"तरी म्हणशील तर सही करतो," आण्णा म्हणाले. "तुझ्या कामाला हात लावणार न्हाय."

ते खरं बोलत होते, हे तिला कळत होतं. तरी तिनं फॉर्म सही न घेताच त्यांच्या हातातून काढून घेतला.