माझ्यातली पांढरी पिन

मी एक जुने पिस्तूल आहे. दचकू नका, मित्रांनो. गेली सहा वर्षे मी कुलपात आहे आणि आता माझ्या हातून चिमणीसुद्धा मरणार नाही.

मी कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझी नळी पोलादाची होती, पण आतले बरेच भाग प्लॅस्टिकचे. ते स्वस्त पडतात, गंजत नाहीत. मला विकत घेतले एमिल हुडाकने. पेनसिल्व्हेनियातल्या एका डोंगरी गावात त्याचे बंदुका दुरुस्त करायचे दुकान होते. पहिल्याच आठवड्यात त्याने मला उघडले, प्लॅस्टिकचा प्रत्येक भाग काढला आणि लेथ यंत्रावर पोलादाचा नवा करून बसवला. "प्लॅस्टिक डब्याला ठीक," तो गिऱ्हाइकांना म्हणायचा. "ज्याच्यावर भरवसा ठेवायचा, त्यात नको."

ती वर्षे चांगली गेली. माझ्या जोरावर एमिलने क्लबच्या नेमबाजीत दोनदा बक्षिसाचा हॅम, म्हणजे डुकराची खारवलेली तंगडी, जिंकला. आतले काम बघायला लांबून माणसे यायची. त्याची मुलगी लोरेन शेजारी उभी राहून लेथ शिकली.

मग एमिलची बायको आयरीन वारली. दुकान बंद झाले. एमिल रोज दुपारी स्वयंपाकघरात बसून मला पुसायचा. मी स्वच्छच असायचे, तरी पुसायचा. माझी इतकी निगा पूर्वी कधीच राखली गेली नव्हती. मला त्याचे काही वाटले नाही. त्यालाही काही वाटत नसावे.

लोरेन शाळेची बस चालवायची. फेरी संपली की ती बापाकडे यायची.

"सूप घेतलंत, पॉप?"

"घेईन."

"हे कपाटात ठेवू?"

"राहू दे. हाताला सवय आहे."

सुपावर साय धरलेली असायची.

एका बुधवारी तो आंघोळीला गेलेला असताना लोरेनने मला उचलले. मित्रांनो, घोडा पडला की आतली एक बारीक पिन पुढे जाते आणि काडतुसाच्या बुडावर टोला देते. ती पोलादीच हवी, मऊ असली तर गोळी सुटत नाही. लोरेनने एमिलने केलेली पिन काढून खिशात टाकली आणि नायलॉनची पांढरी पिन बसवली. तिने ती बंद दुकानात, त्याच लेथवर, स्वतः केली होती. मी किंचित हलके झाले, एवढेच.

अकरा दिवसांनी काय झाले ते थोडक्यात सांगते. दुपार होती. एमिल एकटा होता. घोडा पडला. बोथट आवाज आला आणि बाकी काहीच झाले नाही.

 मग वर्तमानपत्र पसरून त्याने मला उघडले. लोरेन आली तेव्हा पांढरी पिन टेबलावर होती. टोक चेपलेले होते.

ते पाहून लोरेन कोट न काढताच खुर्चीत बसली.

"हे तू केलंस?" एमिलने विचारले.

"हो."

"माझ्या लेथवर?"

"तुमच्याच."

त्याने पिन बोटांत फिरवली. "नायलॉन धरवत नाही लेथवर. तापलं की चिकटतं. किती फुकट गेल्या?"

"चार."

त्याने मान हलवली. बाहेर कुणीतरी बर्फ खरवडत होते. 

"पॉप, डॉक्टरांना फोन करू?"

"तूच कर," एमिल म्हणाला. "मला काय बोलायचं ते सुचणार नाही."

ती फोनवर बोलत असताना त्याने तीच चेपलेली पिन माझ्यात परत बसवली, मला बंद केले आणि तिच्यापुढे सरकवले. त्याच संध्याकाळी मी तिच्या घरी, लोखंडी पेटीत आले.

एमिल आहे. रविवारी तिच्याकडे जेवायला येतो. कधी बोलतो, कधी नाही. माझी चौकशी त्याने अजून केलेली नाही, आणि त्यात मला वाईट वाटण्यासारखे काही नाही.

माझ्यासारखी वस्तू घरात असेल तर ती मोठ्यांनी कुलपात ठेवावी. पण मित्रांनो, तुमच्या घरात कुणी असे गप्प झाले असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा, आणि एखाद्या मोठ्या माणसाला लगेच सांगा. आम्हा वस्तूंची निगा उद्या राखली तरी चालते. माणसाची आजच राखावी लागते.