हुंगायला ठेवलेला तुकडा

मी सफरचंदाच्या लाकडाचा एक तुकडा. वीतभर लांब, मनगटाएवढा जाड, एका टोकाला तासून गुळगुळीत केलेला. लाकडाच्या वखारीत गल्ल्याशेजारी माझी जागा आहे. मला कुणी विकत घेत नाही, फक्त हुंगतात. माझं बोलणं कुणी ऐकेल असं वाटत नाही, आणि ऐकलं तरी त्याचा उपयोग होईल का, याचीही मला शंकाच आहे. तरी सांगून बघतो.

मी एका म्हाताऱ्या झाडाची खालची फांदी होतो. झाडाला बोराएवढी फळं धरू लागली, तेव्हा बागवाल्याने ते उपटून वखारीत पाठवलं. इथे फळझाडांचंच लाकूड मिळतं. सफरचंद, नासपती, चेरी, पेरू. चुलीवर रांधणारे नेतात, निखाऱ्यावर भाजणारे नेतात, आणि मासे-मांस धुरावर टांगून टिकवणारे नेतात. त्यांना नुसती आग नको असते, धुराची चव हवी असते.

वखारवाल्यांना सगळे काका म्हणतात. त्यांनी माझे भाऊबंद फोडून विकले आणि मला मात्र वेगळं काढलं. आधी छपरावरच्या उन्हात, मग शेगडीजवळच्या फळीवर मी सावकाश वाळलो. हलका झालो, मधाच्या रंगाचा झालो. गिऱ्हाईक आलं की काका चाकूने माझ्या टोकाचा एक पापुद्रा काढतात आणि मला त्याच्या नाकाखाली धरतात.

"घ्या, हुंगा. बोलायचं काम नाही."

मग ते गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघत राहतात. भाव ठरवायची त्यांची हीच पद्धत. हुंगून माणसाने नुसती मान हलवली, तर पाटीवरचा भाव. डोळे मिटले, तर चढा भाव.

त्यांच्या सूनबाईंनी एकदा विचारलं होतं, "बाबा, पाटीवर एक लिहिलंय आणि तुम्ही सांगता दुसरंच!"

"अगं, पाटी आंधळी असते. ती गिऱ्हाइकाचं तोंड बघत नाही."

मला हे आवडायचं, हे कबूल केलंच पाहिजे. माझ्या वासाने परकी माणसं डोळे मिटतात, क्षणभर कुठेतरी जाऊन येतात, याचा मला अभिमान होता. लाकडाच्या अंगावर मांस चढत नाही, नाहीतर मूठभर चढलं असतं.

पण गोणीत काय जातं, तेही मी रोज पाहत होतो. समोरच्या ढिगात नुकतंच तोडलेलं ओलं लाकूड असतं. विक्री वजनावर, त्यामुळे पाणीही सफरचंदाच्या भावाने जातं. वाळलेली रास मागच्या छपरात, कुलपात. ती मोठ्या हॉटेलवाल्यांसाठी. ते हुंगत बसत नाहीत, कुऱ्हाड मागतात आणि ओंडका फोडून बघतात. काका खोटं बोलत नाहीत. "तेच झाड, तीच बाग," एवढंच म्हणतात, आणि ते खरंच असतं. मग खोटं बोलतं कोण? मी पुष्कळ विचार केला. उत्तर दर वेळी माझ्यापाशी येऊन थांबलं.

अशात एक मावशी आल्या. त्यांनी घरामागे धुराची खोली बांधली होती. एका हॉटेलने त्यांच्याकडून धुरावरचे मासे चवीसाठी मागवले होते. आवडले तर कायमचं काम मिळणार होतं. त्यांनी मला हुंगलं आणि इतका वेळ डोळे मिटले की काकांनी मनातला भाव बहुधा दोनदा बदलला.

"काका, थोडं कमी करा की!"

"मावशी, हा वास कमी करता येईल का? मग भाव कसा कमी करू?"

त्या हसल्या आणि गोण्या घेऊन गेल्या.

पुढच्याच आठवड्यात त्या परत आल्या. हातात कागदाची पुडी होती. आतला मासा काजळी धरल्यासारखा काळा. काकांनी एक कण जिभेवर ठेवला आणि तोंड वाकडं केलं.

"आच जास्त झाली तुमची. नाहीतर दार उघडं राहिलं असेल. धुराचं काम म्हणजे पोरखेळ नाही, मावशी."

मला वाटलं, आता भांडण होणार. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. पण मावशी आपल्या हातांकडे बघत राहिल्या.

"असेल हो. माझाच हात चुकला असेल. इतकी वर्षं घरच्यांसाठी केलं, पण बाहेरचं काम वेगळंच. हॉटेलवाले म्हणाले, आणखी एकदा बघू, पण हे शेवटचं. मासे मिठात घालूनच आलेय."

आणि त्यांनी पुन्हा मला उचललं. मी मनापासून ठरवलं की या वेळी वास द्यायचा नाही. पण लाकडाच्या ठरवण्याला काय अर्थ? काकांनी ताजा पापुद्रा काढला. मावशींचे डोळे मिटले.

गोण्या सूनबाई भरत होत्या, त्याच ढिगातून. काका वजन बघायला वळले, तशी त्यांनी मला गल्ल्यावरून उचललं, गोणीत वरच खुपसलं आणि तोंड बांधून टाकलं. गोणी उचलून देताना त्या हळूच म्हणाल्या, "मावशी, मासे टांगायच्या आधी वरचं लाकूड आणि खालचं लाकूड वेगवेगळं पेटवून बघाल? आधी हं, नंतर नको."

मावशींनी तसंच केलं. धुराच्या खोलीत शेजारी शेजारी दोन लहान आगट्या पेटल्या. एकीत मी, दुसरीत ढिगातलं लाकूड. त्या लाकडाच्या टोकांना फेस आला, ते चरचरलं आणि पिवळट, दाट, डोळे झोंबवणारा धूर सोडू लागलं. माझा धूर पातळ, निळसर निघाला. मावशी आधी तिकडे वाकल्या, मग माझ्याकडे. माझं तासलेलं टोक त्यांना दिसलं.

"अगं बाई! हा तर गल्ल्यावरचा!"

त्यांनी दोन्ही धुरांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणजे माझा हात चुकला नव्हता."

त्यांनी चिमट्याने मला बाहेर ओढलं आणि राखेत विझवलं. तोवर मी अर्धा जळलो होतो. दुखलं का, ते नीटसं आठवत नाही. हायसं वाटलं होतं, असं आठवतं. तेही मी नंतर स्वतःची समजूत घालायला जोडलं असेल.

त्या तशाच वखारीत आल्या. मला आणि ते फेसाळलेलं लाकूड काकांसमोर ठेवून म्हणाल्या, "घ्या, हुंगा. बोलायचं काम नाही."

काकांनी मला ओळखलं. "हा तिकडे कसा गेला?"

"घाईत गेला असेल गोणीत," सूनबाई म्हणाल्या. "तेच झाड, तीच बाग. मला ओळखू आला नसेल."

सूनबाईंनी खिळ्यावरची किल्ली काढली, मागच्या छपरातलं वाळलेलं लाकूड भरून दिलं आणि पाटीवरचाच भाव लावला. मावशींची दुसरी खेप हॉटेलात पसंत पडली. आता त्या नेहमी येतात आणि थेट मागच्या छपराकडे जातात. पहिली खेप मांजरांनीसुद्धा खाल्ली नाही, असं हसत सांगतात. मला हसू येत नाही. त्यांच्याआधी किती जण मला हुंगून गेले, काळी भांडी आणि कडू जेवण बघत आपल्याच हाताला दोष देत बसले, आणि परत आलेच नाहीत. त्यांना कोण सांगणार?

मी पुन्हा गल्ल्याशेजारी आहे. अर्धा मधाच्या रंगाचा, अर्धा कोळसा. काका माझी काळी बाजू भिंतीकडे करून ठेवतात. धूळ पुसताना सूनबाई ती गिऱ्हाइकाकडे वळवतात. दोघं याबद्दल बोलत नाहीत. मी मात्र दिवसभर फिरत असतो.

आत्ता एक तरुण जोडपं आलं आहे. चुलीसाठी लाकूड हवंय, नवं घर मांडलंय म्हणतात. काकांनी पापुद्रा काढला आहे. बाबांनो, मला हुंगू नका. मला उलटं करून बघा. समोरच्या ढिगातली दोन लाकडं उचला आणि एकमेकांवर आपटा. वाळलेलं खणखणतं, ओलं बद्द वाजतं. एवढंच करा.

जोडप्यातल्या तरुणीने मला नाकाशी धरलं आहे. सूनबाई मागच्या छपरात आहेत. तिच्या पापण्या हळूहळू खाली येत आहेत.