माझ्या पोटातली पेन्सिल

मित्रांनो, मला ओळखलेत का? मी एक जुना लाकडी धोटा. मागावरच्या उभ्या सुतांमधून आडवे सूत घेऊन इकडून तिकडे पळायचे, हे माझे काम. माझ्या पोटात सुताची कांडी बसवतात आणि सूत माझ्या डोळ्यातून, म्हणजे कडेच्या छिद्रातून, बाहेर काढतात. भिवंडीत कामतघरच्या कारखान्यात माझे सारे तरुणपण धावण्यात गेले. माझ्यासारखा गुळगुळीत धोटा दुसरा नाही, असे कारागीर म्हणत. मग बिनधोट्याचे माग आले आणि मला भंगारात फेकले. गरज सरो, वैद्य मरो!

भंगारातून मला विनिताने उचलले. ती शेजारच्याच कारखान्यात मशीनवर कांड्या भरते. तिची मुलगी नेत्रा स्वमग्न आहे. ती बोलते थोडे, आणि हात तर तिचे ऐकतच नसत. बटण लागत नसे, पेन्सिल बोटांतून गळून पडे. मागांचा खडखडाट सुरू झाला की ती दोन्ही हातांनी कान घट्ट झाकून घेई. "पेन्सिल धरायला लागली की आणा," असे सांगून शाळेने तिला घरी पाठवले होते.

दवाखान्यातल्या ताई विनिताला म्हणाल्या, "तिला दोन्ही हातांचा खेळ द्या. हात सावकाश शिकतील." तो खेळ म्हणजे मी. नेत्रा माझ्या पोटात कांडी बसवी, काढी, पुन्हा बसवी. डोळ्यातून सूत ओवताना तिची जीभ बाहेर येई. सूत चुकले की ती मला भिंतीवर आपटे. माझी एक कड उडाली, पण मला तिचा राग आला नाही. एके दिवशी सूत आरपार गेले आणि ती हसली. मागावरचे सगळे कौतुक त्या हसण्यापुढे फिके होते. मग विनिताने कांडीच्या जागी पेन्सिल ठेवली. नेत्राने ती उचलली, नीट धरली आणि फरशीवर एक वाकडी रेघ ओढली.

विनिता नेत्राला घेऊन शाळेत निघाली, तेवढ्यात नेत्राचा बाप भूपेश ड्युटीवरून आला. तो माग चालवतो.

"पोरीचा हात बसला गं!" तो आनंदाने म्हणाला. "आता कांडीवर लाव तिला."

"अवो, शालेसाठी बसवलाय हात तिचा!"

"शालेत पोरं हसतील तिला. हितं आपल्या डोल्यासमोर तरी ऱ्हाईल."

आमच्याकडे हात बसला की माणूस मशीनवर बसतो, हीच रीत. भूपेश वाईट नाही. त्याला दुसरी शाबासकी माहीतच नाही. विनिता भांडली, रडली, पण तिचे काही चालले नाही.

आता नेत्रा रोज आईशेजारी कांड्या भरते. खडखडाट तोच आहे. पण दोन्ही हात कामात, त्यामुळे तिला कान झाकता येत नाहीत. घरी आली की ती माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मला फार वाईट वाटते.

मित्रांनो, एखाद्या मुलाचा हात कष्टाने शिकला, तर तो कशासाठी शिकवला होता हे विसरू नका. ती पेन्सिल पुन्हा माझ्या पोटात येऊन पडली आहे. कुणीतरी ती नेत्राच्या हातात द्या.