न आटणारी लोकर

साठ अंशांच्या पाण्यात पन्नास मिनिटं गरगरूनही लाइफचा स्वेटर होता तेवढाच बाहेर आला.

हेर्डिसने तो कामाच्या मेजावर पसरला आणि पट्टी लावली. रुंदी अठ्ठावन्न सेंटिमीटर. यंत्रात टाकतानाही अठ्ठावन्नच होती. सोबत घातलेली दोन राखाडी जाकिटं मात्र आटून लहान पोराच्या मापाची झाली होती, आणि कापड कसं जाड, घट्ट, बोटाने दाबलं तर दाबलं न जाणारं. हवं तसं.

अकरा वर्षं ती हेच करत होती. बेटावरची माणसं जुने, फाटलेले, कसर लागलेले लोकरीचे कपडे पोत्यात भरून तिच्या दारात ठेवत. मुख्य भूमीवरूनही फेरीबोटीने पोती येत. ती सगळं आधी उकळत्यासारख्या पाण्यात आटवून घेई. लोकरीच्या धाग्यावर माशासारखे बारीक खवले असतात. गरम पाण्यात, साबणात, घुसळणीत ते एकमेकांत अडकतात आणि मग सुटत नाहीत. असं कापड कात्रीने कसंही कापा, एक टाका उसवत नाही. त्यातून हातमोजे, टोप्या, कान झाकायच्या पट्ट्या. मासळी उतरवायच्या जुन्या शेडमध्ये तिने हे दुकान थाटलं होतं, आणि ओलसर दिवशी अजूनही तिथे कॉड माशाचा वास यायचा.

तिने स्वेटर पुन्हा यंत्रात टाकला. या खेपेला नव्वद अंशांवर.

हा स्वेटर साधासुधा नव्हता. गर्द निळा, त्यावर पांढऱ्या एकेका टाक्याचे ठिपके. बेटावर त्यांना सगळे 'उवा' म्हणत. लाइफ तिचा धाकटा भाऊ. दोन हिवाळ्यांपूर्वी बोट धक्क्याला बांधता बांधता त्याचं हृदय थांबलं. त्याची बायको योरुन गेल्या आठवड्यात स्वेटर वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आली होती.

"तिघा मुलांना हातमोज्यांच्या तीन जोड्या," ती म्हणाली होती. "रविवारी नाताळाची पहिली मेणबत्ती लावायला येताहेत तिघंही. सिगवे जानेवारीत बापाची बोट घेऊन कॉडच्या मोसमाला लोफोटेनला निघालाय. त्याच्या हातात काहीतरी असू दे लाइफचं."

"कापायचा? नक्की?"

"कपाटात ठेवून काय करू? कसरीला घालू?"

हेर्डिस हो म्हणाली. योरुनला नाही म्हणणं तिला कधीच जमलं नव्हतं, आणि योरुन तिला मनापासून आवडली असंही कधी झालं नव्हतं. त्याचं कारण हाच स्वेटर.

छत्तीस वर्षांपूर्वी लाइफने बर्गन शहरातून मुलगी आणायची ठरवली, तेव्हा आईने, म्हणजे बोर्गहिल्डबाईंनी, स्वतःच्या मेंढ्यांची, स्वतः रंगवलेली लोकर त्या मुलीच्या पुढ्यात ठेवली होती. लग्नाआधी नवऱ्याचा स्वेटर विणून दाखव. शहरातली पोरगी, हातात कायम छत्री. बेटावर सगळे गालात हसले. आणि वसंतात ती हा स्वेटर घेऊन उभी राहिली. आईने तो उलटा करून आतले धागे पाहिले, बोटांनी चाचपला, बराच वेळ हातातच धरून ठेवला. मग हेर्डिसकडे वळून म्हणाली, "बघ. ही छत्रीवाली. आणि तू इथे जन्मलीस."

त्यानंतर मरेपर्यंत आई तेच म्हणत राहिली. हेर्डिसची वीण कधी सैल पडे, कधी आवळली जाई. तिने तिशीत सुया कायमच्या ठेवून दिल्या आणि शिवणयंत्र घेतलं. लोक म्हणत, काय कल्पक बाई आहे! तिला ठाऊक होतं, आपण विणता येत नाही म्हणून शिवतोय.

यंत्र थांबलं. अठ्ठावन्न.

हेर्डिसने बाहीच्या आतून एक सुटं टोक कातरलं. काडीने पेटवलं, तर जळक्या केसांचा वास आला. म्हणजे लोकरच, प्लास्टिक नव्हे. दुसरं टोक पिंजून तळहातावर घेतलं, साबण लावला आणि घड्याळ लावून पाच मिनिटं चोळलं. आईच्या मेंढ्यांची लोकर दोन मिनिटांत वाटाण्याएवढी गोळी झाली असती. हे तंतू पाण्याखाली धरले आणि सुटे सुटे वाहून गेले.

असा धागा कारखान्यातच होतो. त्याचे खवले औषधाने घासून काढतात, वर पातळ थर देतात, म्हणजे यंत्रात धुतला तरी आटत नाही. मेंढीच्या पाठीवर तो उगवत नाही. आईच्या मेंढीच्या तर नाहीच.

हेर्डिस स्टुलावर बसली. म्हणजे बाईने बाजारातून आणला! आयता, दुकानातला. आणि छत्तीस वर्षं माझ्या कपाळावर चिकटवला.

तिला राग येईल असं वाटलं होतं. आधी आलं ते हसू, मग रडू, आणि राग सगळ्यात शेवटी आला. पण आला तो चांगला दोन दिवस राहिला. रविवारी तिघं मुलं समोर बसतील, एक वाक्य पुरे होईल. तुमच्या आईला विचारा, ही लोकर कुठल्या मेंढीची. ती ते वाक्य मनात फिरवून फिरवून गुळगुळीत करत होती.

अडचण एकच. तिच्या शेडचा एक नियम होता: ज्या हातांनी विणलं ते हात जिवंत असतील, तर पहिली कात्री त्यांनी लावायची. कुठल्याशा म्हातारीने पहिल्याच वर्षी तसा हट्ट धरला होता आणि तेव्हापासून तो नियमच पडला. तेव्हा शुक्रवारी सकाळी योरुन कात्री लावायला आली. छत्री दाराशी टेकवली, कॉफीचा थर्मास मेजावर ठेवला आणि स्वेटर पाहून थबकली.

"हे काय, अजून आटवला नाहीस?"

"दोनदा आटवला. एकदा साठ, एकदा नव्वद."

"मग?"

"मग तूच सांग. विणलास तू."

योरुनने हातमोजे काढले, पुन्हा घातले. बाहेर कुणाची तरी बोट धक्क्याला घासत होती.

"आईच्या मेंढ्यांची लोकर नाहीये ही," हेर्डिस म्हणाली. "दुकानातली आहे. सरळ सांग ना, कितीला घेतलास तयार स्वेटर?"

"तयार नाही घेतला."

"योरुन, मी अकरा वर्षं लोकर उकळतेय. मला शेंडी लावू नकोस."

"दोरा विकतचा आहे. स्वेटर नाही." योरुन खुर्चीत बसली. "विणलाय हातानेच. माझ्या नाही. लाइफच्या."

हेर्डिसला वाटलं, ही थट्टा करतेय. पण योरुनचं तोंड थट्टेचं नव्हतं.

"तुझ्या आईने दिलेली लोकर मी चारदा विणली नि चारदा उसवली," योरुन म्हणाली. "पाचव्यांदा तिचा दोरखंड झाला होता. मी रडून रडून सांगितलं, मला हे लग्नच नको. तर तुझ्या भावाने ती लोकर उचलली, बोटीच्या केबिनच्या खिडक्यांच्या फटींत कोंबली, आणि म्हणाला, बरं झालं, वारा फार यायचा. त्या मोसमात लोफोटेनला जाताना बाजारातून निळा नि पांढरा दोरा घेतला. रोज जाळी टाकून झाली की विणायचा."

"लाइफ?"

"हो. लाइफ."

"आणि न आटणारा दोरा कशाला?"

योरुन पहिल्यांदा हसली. "मी त्याच महिन्यात त्याची लोकरीची तुमान धुतली होती. बाहुलीला आली असती. म्हणाला, तुझ्या हाती धुलाईयंत्र राहणार जन्मभर, तेव्हा शहाणपणाचा दोरा घेतो."

हेर्डिसही हसणार होती, पण तिला मध्येच काहीतरी टोचलं. लाइफ नऊ वर्षांचा, पाय प्लास्टरमध्ये, अख्खा हिवाळा आईच्या खुर्चीशेजारी. आई दोघांनाही विणायला शिकवत होती. लाइफची पट्टी सरळ उतरायची, हिची वाकडी. आणि एक दिवस शाळेच्या अंगणात, सगळ्या पोरांसमोर, बारा वर्षांच्या हेर्डिसने ओरडून सांगितलं होतं: आमचा लाइफ बायकांसारखा मोजे विणतो! त्याला पुढे किती दिवस 'लाइफबाई' म्हणत होते. त्याने सुया पुन्हा कुणासमोर धरल्या नाहीत.

"त्याने कुणाला सांगायचं नाही म्हटलं?" तिने विचारलं.

"शपथ घातली होती. बोटीवरच्या दोघांनाही. म्हणाला, बेटावर कळलं तर मला जगू देणार नाहीत." योरुनने कप हातात फिरवला. "मला दर वेळी वाटायचं, बोलून टाकावं. तुझी आई तुला माझ्यावरून बोलायची, तेव्हा मी ताटात बघत बसायचे. तू मला आवडत नाहीस असं तुला वाटत असेल. मला तुझ्याकडे बघवायचंच नाही गं."

"त्याने तुला सांगितलं होतं का?"

"काय?"

"शाळेत त्याला लाइफबाई कुणी म्हणायला लावलं ते."

"नाही. कुणी?"

हेर्डिसने सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही, एवढंसंच तर होतं. योरुनने ऐकून घेतलं आणि तिच्या कपात कॉफी ओतली.

"म्हणजे तुझी आई तुला टोचायची ती तुझीच सुई होती म्हण की," ती म्हणाली.

"शहरातली जीभ ती शहरातलीच."

"आणि हेर्डिस, तुझ्या आईला कळलं नसेल? स्वतःच्या मेंढ्यांची लोकर? तिने तो किती वेळ हातात धरला होता, आठवतंय?"

हेर्डिसला आठवत होतं. आईने आतली बाजू पाहिली होती, धागे कसे संपवलेत ते. ते धागे संपवायला तिनेच कुणाला तरी शिकवलं होतं. मुलाचं कौतुक करायला तिला दुसरी वाट नव्हती. म्हणून तिने सुनेचं केलं, आणि त्याचा मार मुलीला बसला. हे सगळं खरं असेल किंवा नसेल. विचारायला आता कुणी नव्हतं.

"आता याचे हातमोजे होणार नाहीत ना?" योरुनने विचारलं. "कापला की उसवणार सगळा."

"कोण म्हणतं? नळीसारखं विणून मधे चिरतात तशी जाकिटं आपल्याकडे किती होतात. आधी शिवायचं, मग कापायचं." हेर्डिस उठली. तिने हातमोज्याचा पुठ्ठा स्वेटरच्या खालच्या काठावर ठेवला, म्हणजे काठाची पट्टी मनगटाशी येईल. घेर एकशे सोळा, त्यात चार बसत होते; उरलेले दोन बाह्यांतून. आटला असता तर तीन जोड्या निघाल्याच नसत्या. तिने खडूने आकृत्या काढल्या, प्रत्येक रेषेच्या आत शिवणयंत्राच्या दोन बारीक टिपा मारल्या. आतून अस्तराला त्या आटलेल्या राखाडी जाकिटांचं कापड.

मग तिने कात्री योरुनपुढे केली. योरुनने मान हलवली.

"ज्याने विणलं तो आता नाही. तू लाव."

"तू इतकी वर्षं धुतलास. तू लाव."

शेवटी दोघींनी मिळून धरली, आणि ते फारच गैरसोयीचं निघालं. पहिला काप वाकडा गेला. "सोड!" हेर्डिस ओरडली. "सगळा सत्यानाश करशील." योरुनने सोडली.

रविवारी मुलं दुपारच्या फेरीबोटीने आली. सिगवे, इंगुन आणि ब्रागे, तिघंही बापासारखी रुंद खांद्यांची. वॉफल झाले, मेणबत्ती लागली, हातमोजे हातोहात गेले. इंगुनने ते गालाला लावले. "आई, तू विणलेलं अंगावर आहे असं वाटतं," ती म्हणाली.

हेर्डिस वॉफलच्या साच्यापाशी उभी होती. ते गुळगुळीत केलेलं वाक्य अजून तिच्यापाशी होतं. तिने साच्यात पीठ ओतलं. योरुनने ताटली खाली ठेवली.

"मी नाही विणला," ती म्हणाली. "तुमच्या बाबांनी विणला. लोफोटेनला, बोटीवर. मला विणता येत नाही, कधीच आलं नाही. आजी तुमच्या आत्याला माझ्या नावाने बोलायची, ते सगळं खोट्यावर होतं. मला ते माहीत होतं आणि मी गप्प बसले. आत्याच्या समोरच सांगायचं होतं म्हणून आज सांगतेय."

हेर्डिसने साच्यातून वॉफल काढला, तो करपला होता, तरी ताटलीत ठेवला. मानेपर्यंत ती लाल झाली होती.

"करपलेला मी खाते," ती म्हणाली. "तुम्ही कॉफी घ्या, निवतेय."

"बाबांनी?" सिगवेने हातमोजा खिडकीच्या उजेडात धरला. "हे उवांचं सगळं? बाबांनी?" तो एकेक ओळ बोटाने मोजू लागला, जाळ्याची भोकं मोजतात तसा. "इथे चुकलाय तो. बघ, आत्या. तीन टाक्यांनंतर ठिपका यायला हवा, इथे चार आहेत."

"लाट आली असेल," ब्रागे म्हणाला.

"दाखव, दाखव. माझ्यात नाहीये," इंगुन म्हणाली. तिने आपला हातमोजा उलटा केला, सुलटा केला. "माझ्यात एकही चूक नाही! सिगवे, बदल ना."

"हट्! मी नाही देणार."

"आत्या, सांग ना त्याला!"

हेर्डिसने चष्मा लावला, तिच्या हातातला हातमोजा घेतला आणि अंगठ्यापाशी बोट ठेवलं. तिथे पांढऱ्या धाग्याने एका टाक्याऐवजी दोन घेतले होते.

"ही बघ चूक," ती म्हणाली. "हीसुद्धा त्याचीच."