रखवालदाराचा आवाज

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे. संगणकात घालून वाचतात तसली. माझ्या कडेचा एक टवका उडाला आहे. तो कसा उडाला, ते ऐका.

साध्या तबकड्यांवर रंगाचा नाजूक थर असतो. माझ्यावर दगडासारखा कठीण थर चढवला. त्यावर लिहायचे म्हणजे प्रकाशाच्या किरणाने भाजून खड्डे पाडायचे. एकदा लिहिले की पुसणे नाही.

कामगार संघटनेचे दप्तर सांभाळणाऱ्या बाईंनी सहा प्रकारच्या तबकड्या आणल्या आणि आमचे हाल मांडले. काहींना महिनाभर गच्चीवर उन्हात टाकले, काहींना कुकरच्या वाफेत कोंडले, काहींना मिठाच्या पाण्यात बुडवले. एकीचा थर सापाच्या कातीसारखा सोलून निघाला. दुसरी पांढरी पडून कायमची मुकी झाली.

दप्तरातले कारकून म्हणाले, "बाई, निवडताय की छळताय?"

"छळणारे येणारच आहेत," बाई म्हणाल्या. "त्याआधी कोण टिकतं ते बघू दे."

माझ्या तीन बहिणींनी ते सगळे सोसले आणि तरी त्या वाचता आल्या. म्हणून आमचा प्रकार ठरला. त्याच खोक्यातल्या मला बाईंनी उचलले आणि माझ्यावर एका रखवालदाराची त्याच्याच आवाजातली जबानी भाजली.

कापड रंगवण्याच्या कारखान्यात आग लागली तेव्हा तो फाटकावर होता. आत एकोणीस माणसे जळाली. तो सांगत होता, "किल्ली माझ्या हातात होती. मालक म्हणाले, गोदामातला माल मागून बाहेर निघेपर्यंत हे फाटक उघडायचं नाही. मी हात पुढे केला तर माझ्या डोक्यात दांडा घातला. आतून माणसं पत्र्यावर हात आपटत होती. मग आपटायची थांबली."

जबानी दिल्यावर आठव्या दिवशी त्याला ट्रकखाली चिरडून मारले.

मग मालकाचे गुंड आमच्याकडे आले. भर दुपारी सहा जण घुसले. घणाचे घाव घालून संगणक फोडले. कारकुनांना जिन्यावरून ढकलून दिले. बाई माझ्या कपाटासमोर उभ्या राहिल्या.

"बाजूला हो," एक जण म्हणाला.

"होत नाही," बाई म्हणाल्या.

त्याने लोखंडी सळई उगारली. बाईंच्या उजव्या हाताचे हाड मोडल्याचा आवाज मी आतून ऐकला. नंतर सळई कपाटावर बसली, दार चेपले आणि माझा टवका उडाला. चेपलेले दार त्यांना उघडेना. चिडून त्यांनी खोलीत पेट्रोल ओतले, काडी टाकली आणि ते पळाले. बाईंना शेजारच्या शिंप्याने ओढत बाहेर काढले.

बंबांनी आग लवकर विझवली, पण कपाटात पाणी भरले. तीन दिवस मी काजळीच्या चिखलात पडून होते. माझ्या बाजूच्या साध्या तबकड्यांचे थर पाण्यात तरंगू लागले. बाईंनी हात गळ्यात बांधून दार कापवून घेतले. डाव्या हाताने मला धुतले आणि मऊ फडक्याने मधून कडेकडे सरळ पुसले. गोल पुसले तर भाजलेल्या खड्ड्यांच्या ओळींवर लांब ओरखडे येतात.

न्यायालयात मालकाचे वकील म्हणाले, "सगळं जळालंय. पुरावा कुठाय?"

मला यंत्रात घातले. रखवालदाराची बायको पहिल्या बाकावर होती. पहिला शब्द ऐकताच ती म्हणाली, "हेच. हाच त्यांचा आवाज." मालक मान खाली घालून बसला. त्याला जन्मठेप झाली. बाईंचा हात मात्र वाकडाच राहिला. त्या हाताने पुन्हा लेखणी धरली गेली नाही.

आता दप्तर रखवालदाराची बायको सांभाळते. दर वर्षी ती मला काढून तपासते. तो बोलता बोलता एके ठिकाणी खोकतो, तिथपर्यंत ऐकते आणि यंत्र बंद करते.

मित्रांनो, टिकाऊ वस्तू आणून कपाटात टाकली की काम संपले, असे समजू नका. ती अधूनमधून काढा, वाचून बघा, तिची एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा. मला मारायला सहा माणसे आली, तरी मी वाचले. माझ्यासारख्या पुष्कळ जणी नुसत्या विसरल्यानेच मरतात.